वाचेशिवाय बुद्धी नाही

कांजूरमार्ग
१२ जानेवारी १९८४

सहदेव,

आशीर्वाद शेवटी देते, उरले तर. आधी भांडायचंय.

तुझं नानांच्या नावाचं पत्र डिसेंबर संपता संपता आलं. घर सोडल्यापासून तू त्यांना एक ओळ लिहिली नव्हतीस. पत्रं माझ्या नावाने यायची आणि खाली 'नानांना सांग मी बरा आहे' एवढंच. त्यामुळे पाकिटावर त्यांचं नाव बघून मीच हबकले. नाना तर ते पाकीट सदऱ्याच्या खिशात घालून चाळभर फिरले. फोडलं नाही. मग रविवारी जेवणं झाल्यावर माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "वाच गो, काय लिवल्यान हा तेना."

तू छान लिहिलं होतंस, खोटं कशाला बोलू. दोनशे वर्षांपूर्वीचं ते जर्मन पंडितांचं भांडण तू असं सांगितलंस की नाना मांडी बदलायची विसरले. भाषा देवाने दिली की माणसाने केली? पाद्री म्हणतो, भाषेची घडण इतकी नेटकी की अक्कल असल्याशिवाय ती कोणाला जमणार नाही. आणि भाषा नसेल तर अक्कल तरी कुठून येणार? तेव्हा पहिली भाषा देवानेच शिकवली. दुसरा म्हणतो, देवाला मधे आणू नका, माणसाचं मन कशावर तरी ठरतं आणि तिथेच शब्द जन्मतो. आणि तिसरा, तो जकातीतला कारकून, दोघांनाही हसतो. म्हणतो, अक्कल आणि भाषा अशा दोन वेगळ्या वस्तू नाहीतच, आणि देव बोलतो म्हणून तर जग आहे. नाना म्हणाले, "ह्यो तिसरो बरोबर बोलता." मला वाटलं, चला, बापलेकांचं जमलं.

आणि मग ती शेवटची ओळ. 'नाना, माझ्या सगळ्या अभ्यासाचं सार तुमच्या शब्दांत सांगायचं तर एवढंच, की वाचेशिवाय बुद्धी नाही.'

तुमच्या शब्दांत! तुला कोणी सांगितलं होतं त्यांच्या शब्दांत लिहायला? तुला म्हणायचं होतं भाषा. पण तुला वाटलं, भाषा म्हणजे नानांना पुस्तकी वाटेल, वाचा जवळची वाटेल. अरे, आपल्याकडे वाचा म्हणजे घशातून निघते ती. भीतीने बसते ती वाचा. मरताना जाते ती वाचा.

आता जे सांगू नको म्हणून नानांनी शपथ घातली होती ते सांगते. दिवाळीपासून त्यांचा आवाज बसलाय. आधी खोकला म्हणून काढे झाले, मग गुळण्या झाल्या. शेवटी मी परळच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं. कॅन्सर आहे. घशातलं आवाजाचं जे यंत्र असतं त्यात. डॉक्टरांनी मला बाजूला नाही घेतलं, नानांच्या समोरच सांगितलं की पूर्ण काढावं लागेल, गळ्याला भोक राहील, श्वास तिथून घ्यायचा. आवाज जाईल, माणूस राहील. आणि उशीर करू नका.

नाना काय म्हणाले असतील? म्हणाले, "नाय करूचा."

मला आधी वाटलं घाबरलेत. घरी आल्यावर त्यांनी तुझं पत्र काढलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. "ह्या बघ. तेना स्पष्ट लिवल्यान हा. वाचा गेली काय बुद्धी गेली. मगे माझा काय रवला? येडो होवन कोपऱ्यात बसूचा, तेच्यापरास आसा तसाच बरा."

मी खूप डोकेफोड केली. म्हटलं, नाना, त्याला भाषा म्हणायचंय, आवाज नाही. ते म्हणाले, भाषा म्हणजे मालवणी, गुजराती, मद्राशी. ती येगळी. ह्यो वाचेबद्दल बोलता. म्हटलं, मी विचारते त्याला. तर म्हणतात, "तो थंय देवाचो अभ्यास करता. इतक्या वर्सांनी माका पयल्यांदा काय लिवल्यान, ता खोटा आसात?"

बघ म्हणजे. तूच तो, ज्याने सत्यनारायणाच्या दिवशी सगळ्या चाळीसमोर त्यांना सांगितलं होतं की नाना, तुम्ही गाऱ्हाणं घालता तेव्हा देवाशी नाही बोलत, स्वतःशीच बोलता. त्यांचे हात जोडलेले तसेच राहिले होते. त्यानंतर तुम्हा दोघांचं बोलणं बंद झालं आणि तू चर्चवाल्यांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी निघून गेलास. चाळीत आजही विचारतात, सहदेव बाटला का गं. मी सांगते, नाही हो, तो देव बोलतो की नाही यावर पीएचडी करतोय. मग ते विषय बदलतात.

आता तूच लिही. ताबडतोब लिही. तू घातलेला घोळ आहे, तूच निस्तर.

नलूताई


कांजूरमार्ग
५ फेब्रुवारी १९८४

सहदेव,

तुझं उत्तर मिळालं. त्यातला पहिला अर्धा भाग नानांना वाचून दाखवला नाही. 'शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याच्या घरी कसा लागेल, यावर लिहिणाऱ्याचा ताबा नसतो' हे तू तुझ्या प्राध्यापकाला ऐकव. माझ्या बापाच्या गळ्यात गाठ आहे. मला तिडीक आली वाचून. दुपारभर औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला माझ्या पट्टीतल्या गोळ्या वाकड्या बसत होत्या, सुपरवायझरने दोनदा हटकलं.

उरलेला भाग मात्र तू माणसासारखा लिहिलायस. तो वाचला.

तुझा तो जकातवाला बोलताना अडखळायचा, हे ऐकून नाना जागेवर उठून बसले. ज्याने आयुष्यभर लिहिलं की भाषा हीच बुद्धी, त्याच्याच तोंडून चारचौघांत धड वाक्य निघत नसे. मग नानांनी पहिलीच शंका काढली. "जकातीत होतो म्हणतंस, आणि देवावर लिवल्यान?" त्यांच्या डोळ्यासमोर मुलुंडचा जकातनाका. रांगेत उभे ट्रक, कारकून पावती फाडतोय आणि मधेच देवावर दोन ओळी. म्हटलं, हो, तसाच होता. त्यांना तो माणूस आवडला रे. हसले पण. हसले की हल्ली घशातून चाळणी घासल्यासारखा आवाज येतो.

मला वाटलं, पटलं. पण थोड्या वेळाने म्हणाले, "अडखळणा येगळा आणि मुको येगळो. अडखळणारो थांबता, पण फुडे बोलता."

मग तुझा दुसरा मुद्दा वाचला. की जर्मन भाषेत बुद्धीला जो शब्द आहे तो मुळात ऐकण्यावरून, कानाने घेण्यावरून आलाय, म्हणजे बोलता येणं ही बुद्धी नाही, जे बोललं गेलंय ते ऐकता येणं ही बुद्धी, आणि त्यांच्यातले श्रद्धाळू लोक म्हणायचे, देव बोलतो आणि माणूस ऐकतो, एवढाच काय तो विवेक. हे मला स्वतःला आवडलं. मी दोनदा वाचलं.

नाना म्हणाले, "आयकूचा म्हणजे बुद्धी? मगे सहदेवाक कितीशी हा? तेना कधी कोणाचा आयकल्यान?"

मी हसू दाबलं. तूही हस, तेवढ्यापुरतं. पण त्याच्यानंतर त्यांनी मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. तुझं ऐकणं म्हणजे कानाने ऐकणं, त्यांचं ऐकणं म्हणजे बापाचं ऐकणं. एकाच शब्दात तुम्ही दोघं दोन टोकांना.

खरं कारण वेगळंच आहे, ते मला आता कळायला लागलंय. बुद्धीचं निमित्त आहे. त्यांना गाऱ्हाण्याची चिंता आहे. गिरणी बंद पडली, आई गेली, तू गेलास, तरी चाळीत लग्न असो, नवं दुकान असो, कोणाचं पोर गल्फला निघालेलं असो, नारळ हातात घेऊन देवापुढे चारचौघांचं म्हणणं मांडायला लोक नानांकडेच येतात. ते बोलतात आणि बाकीचे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्या वेळी ते बंद गिरणीतले जॉबर नसतात. गाऱ्हाणं गेल्यावर त्यांच्याकडे काय राहणार, हे मलाही सांगता येत नाही. तुझ्या पंडितांनी यावर काही लिहिलं असेल तर कळव.

डॉक्टरांनी दिलेली तारीख परवा गेली. मी फोन करून सांगितलं, पेशंट आला नाही. पलीकडची बाई म्हणाली, असे पुष्कळ असतात.

नलूताई


कांजूरमार्ग
२१ फेब्रुवारी १९८४

सहदेव,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहितेय, कारण काहीतरी झालंय.

परवा महाशिवरात्रीची तयारी म्हणून मी वऱ्याचे तांदूळ निवडत होते. नाना समोर बसून पाण्याचे घोट घेत होते. आता पाणीसुद्धा अडकतं. मी त्यांच्याकडे बघतही नव्हते, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नाना, आपला देव कधी बोललाय का हो?"

म्हणाले, "म्हंजे?"

म्हटलं, "गावच्या देवळात तुम्ही गाऱ्हाणं घालता. एवढं लांबलचक. पूर्वजांपासून सगळं. मग देव काय करतो?"

"कौल देता."

"कसा देतो?"

मला वाटलं चिडतील, की तुका म्हायत नाय काय. पण त्यांनी सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. गुरव देवाच्या अंगाला ओले तांदूळ चिकटवतो. उजवीकडचा दाणा पडला तर होय, डावीकडचा पडला तर नाही. काहीच नाही पडलं तर थांबायचं. कधी तासन् तास थांबायचं.

मी म्हटलं, "म्हणजे तो एक अक्षर बोलत नाही. बोलता तुम्हीच सगळे. तो नुसता एक दाणा पाडतो. आणि तेवढ्यावर तुम्ही लग्नं ठरवता, जमिनीचे तंटे मिटवता. मग नाना, त्याला बुद्धी आहे की नाही?"

सहदेव, मी हे काही ठरवून बोलले नव्हते. वाटलं, मी तुझ्यासारखंच काहीतरी बोलून बसले. आता हे सुद्धा त्यांना लागणार आणि ते माझ्याशीही बोलायचे बंद होणार. माझ्याशी बोलले नाहीत तर त्यांच्याशी बोलणारं घरात आहे कोण?

त्यांनी पाण्याचा अजून एक घोट घेतला. मग म्हणाले, "देव मुको नाय गो."

म्हटलं, "मी कुठे म्हटलं मुका? मी म्हटलं आवाज नाही."

त्यांनी भांडं खाली ठेवलं आणि बाहेर गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी तांदूळ निवडत राहिले, म्हणजे हात चालत होते, खडे आणि दाणे मला एकच दिसत होते. परत आले तर चपला घालून. म्हणाले, देवळात जाऊन येतंय. शंकराच्या नाही, आपल्या त्या रस्त्याकडेच्या जागा राखणाऱ्या देवाच्या, जागेवाल्याच्या. आले ते जेवायच्या वेळेला. जेवले, म्हणजे पेज प्यायले.

आज सकाळी मी कामाला निघताना म्हणाले, "डाक्टराक सांग, करून टाकूया."

मी कारण विचारलं नाही. तू पण विचारू नकोस. तुझी ती तिघांची भांडणं मी आता पुन्हा वाचली. पाद्री, दुसरा आणि जकातवाला, तिघंही एक गोष्ट धरूनच चाललेत की देवाने काही केलं असेल तर ते बोलूनच केलं असेल. आपल्याकडे देवाशी माणसांनी बोलायचं असतं आणि देवाने ऐकायचं असतं. हे तुझ्या प्रबंधात कुठे बसतं का ते बघ. बसत नसेल तर राहू दे, मला नानांना हॉस्पिटलात न्यायचंय.

नवीन तारीख मार्चच्या मध्याची मिळाली. त्याआधीची नाही. मी खूप मागे लागले.

नलूताई


कांजूरमार्ग
११ मार्च १९८४

सहदेव,

उद्या ॲडमिट करायचंय. पिशवी भरून ठेवलीय. तू लिहिलंस की तोंडी परीक्षा जूनमध्ये आहे, आता निघणं शक्य नाही. कळलं. त्यावर मी काही बोलत नाही. बोलले तर हे पत्र फाडून दुसरं लिहावं लागेल.

आज सकाळी त्यांनी गाऱ्हाणं घातलं. सांगितलं नव्हतं कोणाला, पण चाळीत अशा गोष्टी आपोआप समजतात. शेजारचे धोंडूकाका आले, खालचे शरच्चंद्रकाका बँकेचं रविवारचं जास्तीचं काम टाकून आले, बायका दारांतून उभ्या राहिल्या. नाना धुतलेला सदरा घालून, नारळ हातात धरून उभे. आवाज इतका खरखरीत की पहिले शब्द कोणाला कळलेच नाहीत, आणि सगळे व्हय म्हाराजा म्हणायला चुकले. मग धोंडूकाका त्यांच्या तोंडाजवळ कान नेऊन उभे राहिले. नाना थांबले की ते हात वर करायचे आणि मग बाकीचे म्हणायचे.

मला वाटलं होतं, स्वतःच्या घशासाठी मागतील. सगळ्यांनाच तसं वाटलं होतं. त्यांनी चाळीतल्या प्रत्येक खोलीचं नाव घेतलं. संपामुळे घरी बसलेल्यांसाठी मागितलं. माझ्यासाठी जे मागितलं ते मी तुला सांगणार नाही. माझं वय झालं तरी त्यांचा तो हट्ट सुटत नाही.

आणि मग म्हणाले, मी जसंच्या तसं लिहितेय, "बा म्हाराजा, माझो झील परमुलखात तुझ्या बोलण्याचो माग काढीत बसलो हा. तो माझ्याशी भांडान गेलो, पण तुझ्याशी भांडूक नाय. तेका थंय शब्दांची तूट येव नये, असा कर रे म्हाराजा."

सगळे व्हय म्हाराजा म्हणाले. शरच्चंद्रकाका पण म्हणाले, एरवी ते असल्या गोष्टींपासून लांब असतात.

स्वतःबद्दल एक अक्षर नाही. नारळ ठेवला आणि बसले. मी नंतर रागावले. म्हटलं, नाना, तुमच्या घशाचं काय? म्हणाले, "ता डाक्टराचा काम."

तेच त्यांचं आतापर्यंतचं माझ्याशी शेवटचं वाक्य. त्यानंतर दिवसभर बोललेच नाहीत, मी बोलतं करायचा प्रयत्नही केला. बहुतेक घसा दुखत असेल. की पुरे वाटलं असेल.

तुझी परीक्षा चांगली होवो. हे मी मनापासून म्हणतेय. कसं म्हणवतंय ते माझं मलाच ठाऊक.

नलूताई


कांजूरमार्ग
१४ एप्रिल १९८४

सहदेव,

नाना घरी आले. तार मिळालीच असेल.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याच्या खळगीत भोक आहे, त्यावर मी ओल्या फडक्याचा तुकडा बांधते, धूळ जाऊ नये म्हणून. खोकला आला की तोंडाने नाही येत, तिथून येतो. पहिल्या दिवशी मी बाहेर जाऊन रडले. आता सवय झाली. मला झाली, त्यांना झाली नाही. शेजारणी येतात आणि त्यांच्याशी मोठ्याने बोलतात, जणू बहिरे झालेत. काही तर त्यांच्यासमोर मलाच विचारतात, त्यांना समजतं ना गं सगळं? नाना तेव्हा डोळे मिटून घेतात.

पाटी आणून दिलीय. लिहीत नाहीत. 'पाणी' लिहायच्या ऐवजी उठून स्वतः घेतात. एकदाच लिहिलं, 'येडो झालंय काय?' मी म्हटलं, नाही नाना, तुम्ही होता तसेच खडूस आहात. त्यांनी पाटी पुसली. पटलं की नाही कळायला मार्ग नाही. दिवसभर बसून असतात. मी कामावर जाते तेव्हा जसे बसलेले, येते तेव्हा तसेच.

एक गोष्ट तुला सांगणार नव्हते. गाठ मानेतही उतरली होती. तीही काढली, पण डॉक्टर म्हणाले, जानेवारीत आला असतात तर बरं झालं असतं. आता बघत राहायचं. मी हे कोणाला बोलले नाही. एकटीने धरून ठेवायला जड होतंय म्हणून तुला लिहितेय, तुला टोचायला नाही. थोडं टोचायलाही.

फोन करायचं म्हणतोस ते बरं आहे. शरच्चंद्रकाकांकडे कर, त्यांना मी सांगून ठेवलंय. रविवारी सकाळी, आपल्या वेळेने. नाना बोलणार नाहीत हे तुला माहीत आहे. तू बोल. पंडितांचं नको, काहीही बोल, तिथे काय जेवतोस ते बोल. रिसीव्हर मी त्यांच्या कानाला लावते.

नलूताई


कांजूरमार्ग
१३ मे १९८४

सहदेव,

तुझं पत्र काल आलं. तू लिहितोस, 'फोनवर सगळा वेळ मधेमधे टकटक होत होती. लाईन इतकी खराब की नाना ऐकतायत की नाही तेच कळेना. जे बोलायला फोन केला होता त्याच्यापर्यंत आलो आणि वाटलं, हे भिंतीशी बोलल्यासारखं आहे. म्हणून ठेवला.'

लाईन खराब नव्हती.

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. सकाळपासून दाढी करून बसले होते. पायऱ्या उतरताना माझा हात धरला नाही. काकांकडे गेल्यावर रिसीव्हर मला लावू दिला नाही, स्वतः घेतला. तू बोलायला लागलास तसे त्यांचे ओठ हलायला लागले. सवयीने. हो, हं, मगे, असं काहीतरी म्हणत असणार. आवाज कुठला यायला, नुसती गळ्यावरच्या फडक्याची कड हलत होती. थोडा वेळ तसंच चाललं आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तुला हे पोचत नाहीये. त्यांचा चेहरा कसा झाला ते मी लिहिणार नाही. मला वाटलं, आता देतील माझ्याकडे.

तर त्यांनी रिसीव्हर उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, आणि उजव्या हाताच्या नखाने, तोंडाशी जिथे बोलतात ना, त्या भोकांवर वाजवलं. एकदा. मग थांबून ऐकलं. तू पुढे बोलत असणार. तू थांबलास की पुन्हा एकदा वाजवलं. तुझ्या प्रत्येक थांबण्याला ते एकदा वाजवत होते. मला तुझं काही ऐकू येत नव्हतं, पण त्यांच्या नखावरून मला कळत होतं तू कुठे श्वास घेतोस. एके ठिकाणी त्यांनी लागोपाठ वाजवलं, भराभरा. तिथे तू काय विचारलं होतंस रे? ते मला सांगत नाहीत. पाटी पुढे केली तर बाजूला सारली.

काकू चहा घेऊन आल्या, त्यांना नानांनी हातानेच थांबवलं, की आवाज करू नका, बोलतोय.

मी हे तुला लाज वाटावी म्हणून नाही लिहीत. तुला कसं कळणार होतं? मी जवळ उभी होते म्हणून मला कळलं. पण तुझ्या प्रबंधात काय लिहायचं ते लिही, जकातवाल्याला देवाच्या बाजूला बसव नाहीतर पाद्र्याला. फक्त त्या वाचेच्या ओळीखाली स्वतःची सही करू नकोस. मी हात जोडते.

आणि पुन्हा फोन कर. जे राहिलं ते बोल. कारण तू ठेवलास तेव्हा त्यांना कळलंच नाही की तू ठेवलास. पलीकडे नुसतं घूं घूं वाजत होतं, ते मलाही ऐकू येत होतं. मी रिसीव्हर घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी माझा हात बाजूला केला, थोडे थांबले, आणि अजून एकदा वाजवलं.

नलूताई